लग्नासाठी विश्वासू फोटोग्राफर कसा निवडावा?

इन्स्टाग्रामवरील निवडक छायाचित्रांवर न जाता, फोटोग्राफरने अलीकडे टिपलेल्या एखाद्या लग्नाचा संपूर्ण संच पाहायला मागावा. अंतरपाट दूर होण्याचा क्षण पुन्हा घेता येत नाही, आणि कार्यालयाच्या पिवळ्या दिव्यांत, उडणाऱ्या अक्षतांमधून व पाहुण्यांच्या उंचावलेल्या मोबाइलांआडून तो कसा टिपला आहे, हे संपूर्ण संचातच कळते. प्रत्यक्ष कोण येणार, एक कार्ड बिघडले तरी छायाचित्रे वाचावीत म्हणून कॅमेरा ती एकाच वेळी दोन मेमरी कार्डांवर साठवतो का आणि अल्बम केव्हा मिळेल, हे आगाऊ रक्कम देण्यापूर्वी लेखी घ्यावे. दाट मुहूर्ताच्या दिवशी नावाजलेले स्टुडिओही कधीकधी दुसऱ्याच माणसाला पाठवतात. मात्र ग्राहकाच्या खासगीपणासाठी कोणी संच पाठवण्यास नकार दिला, तर तेवढ्यावरून त्याला अविश्वासू ठरवू नये. स्टुडिओत बसून पाहता येईल का, ते विचारावे.