आयसीयूबाहेर बसलेल्यांचे प्रश्न

फुफ्फुसांना एकाएकी सूज येते, त्यांत पाणी भरतं आणि रक्ताला ऑक्सिजन पुरेनासा होतो. हा एआरडीएस. त्याबद्दल तेच ते प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, म्हणून एकत्र उत्तरं देतो.

एआरडीएस म्हणजे न्यूमोनियाच ना?

नाही. न्यूमोनिया हे त्याचं एक कारण. सेप्सिस (संसर्गाने अवयव बिघडणं), लेप्टो (दूषित पाण्या-चिखलातून होणारा ताप), स्वादुपिंडाची सूज, मोठा अपघात, यांतूनही तो होतो.

वडील व्हेंटिलेटरवर आहेत. ऑक्सिजन ९० च्या वर जात नाही, तरी डॉक्टर मशीन वाढवत नाहीत. ओळखीचे म्हणतात, दुसरीकडे हलवा, तिथे ९८ करून देतील.

९८ करून देता येईलही. पण त्याची किंमत काय, हे ओळखीच्यांना विचारा.

अमेरिकेत ८६१ पेशंटांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २००० साली आले. एका गटाला मशीन दर श्वासाला किलोमागे १२ मिली हवा देत होतं, दुसऱ्याला फक्त ६. पहिले काही दिवस मोठा श्वास मिळणाऱ्यांचा ऑक्सिजन जास्त चांगला होता. नातेवाईक तेवढंच बघून खूश झाले असते. मृत्यू मात्र त्याच गटात जास्त झाले: जवळपास ४० टक्के. छोट्या श्वासाच्या गटात ३१. सुजलेल्या फुफ्फुसाचा थोडाच भाग उघडा असतो. सगळी हवा तिथेच घुसते, तो ताणला जातो, इजा वाढते आणि दाह इतर अवयवांपर्यंत पोहोचतो. त्या चाचणीत ऑक्सिजनचं लक्ष्यच ८८ ते ९५ ठेवलं होतं.

हे किलोसुद्धा काट्यावरचे नव्हेत. वजन वाढलं म्हणून फुफ्फुस वाढत नाही, म्हणून हिशोब उंचीवरून करतात. १७० सेंटिमीटर उंचीच्या पुरुषासाठी ते ६६ किलो धरतात, मग तो प्रत्यक्षात ९० किलोचा का असेना. म्हणजे श्वास साधारण ४०० मिलीचा. तेव्हा डॉक्टरांना विचारायचं असेल तर हे विचारा: उंची टेपने मोजली का, श्वास किती मिलीचा ठेवलाय? आणि अशा पेशंटला हलवणं हीच मोठी जोखीम आहे. दोन्हीकडचे डॉक्टर फोनवर बोलल्याशिवाय ॲम्ब्युलन्स बोलावू नका.

आईला पालथं झोपवलंय. हा प्रयोग तर नाही ना?

नाही. मुख्यतः फ्रान्समध्ये झालेल्या आणि २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तीव्र एआरडीएसच्या पेशंटांना सलग किमान १६ तास पालथं ठेवलं. २८ दिवसांतले मृत्यू ३३ टक्क्यांवरून १६ वर आले. चेहरा सुजतो, त्याने घाबरू नका. दाबामुळे त्वचेला जखम होत नाही ना, हे नर्सताईंना रोज विचारा.

एक एजंट एआरडीएससाठी स्टेम सेलचं इंजेक्शन काही लाखांत देऊ म्हणतो. घ्यावं का?

एक रुपयाही देऊ नका. एआरडीएसवर स्टेम सेलचं संशोधन चालू आहे, पण ती सिद्ध झालेली उपचारपद्धती नाही. आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार अशा आजारात ती फक्त चाचणीतच वापरता येते. खऱ्या चाचणीला सीटीआरआयचा (भारतातल्या चाचण्यांची सरकारी नोंदवही) नोंदणी क्रमांक असतो, एथिक्स कमिटीची मंजुरी असते, लेखी संमतिपत्र असतं आणि प्रायोगिक औषधाचे पैसे मागत नाहीत. तो क्रमांक मागा. एजंट पुन्हा फोन करणार नाही. खरी चाचणी असेल तर मात्र घाईने नकार देऊ नका. उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

कोविडच्या वेळच्या डेक्सामेथासोनच्या (स्टेरॉइड) गोळ्या घरात आहेत. ताप-खोकल्यात घेऊ?

फेकून द्या. २०२० च्या ब्रिटनमधल्या चाचणीतही फायदा ऑक्सिजन लागणाऱ्या कोविड पेशंटांनाच झाला होता.

भातलावणीनंतर भावाला चार दिवस ताप आहे, पोटऱ्या दुखतात, कालपासून बोलताना धाप लागते. गावात सलाईन चालू आहे. सोमवारपर्यंत थांबू का?

अजिबात नाही. हा प्रश्न लिहून पाठवण्याचा नव्हता, म्हणून उत्तर तुम्हाला त्याच दिवशी फोनवर दिलं. इतरांसाठी इथे छापतोय. ताप आणि धाप एकत्र आली की सलाईनवर दिवस काढायचे नाहीत, उगाच भरलेलं पाणी सुजलेल्या फुफ्फुसातच उतरतं. १०८ ला फोन करा, आयसीयू असलेल्या हॉस्पिटलात न्या. आणि पेशंट चिखलात, साचलेल्या पाण्यात काम करत होता हे डॉक्टरांना आधी सांगा. लेप्टोची शंका आली, तर रिपोर्टची वाट न पाहता अँटिबायोटिक सुरू करता येतं.