आधी पाणी, मग खोल्या

सोलर हीटरवर पाणी तापवणं आणि खोल्या उबदार ठेवणं, ही दोन्ही कामं एकदम अंगावर घेऊ नका. गरम पाणी वर्षभर लागतं, खोल्यांना ऊब मात्र नेमकी ऊन कमी असतं तेव्हाच हवी असते. खोल्यांच्या हिशेबाने कलेक्टर (ऊन शोषून पाणी तापवणारी पॅनेल) वाढवलेत तर उन्हाळ्यात जास्तीची उष्णता टाकायची कुठे, हा घोर लागतो. तरीही करायचंच असेल तर फरशीखालून नळ्या फिरवा. तिथे 35 ते 40 अंशांचं पाणी पुरतं.

पाणी फिरवायला पंप नको असेल तर गरम पाण्याची टाकी कलेक्टरच्या वर, निदान फूटभर उंच ठेवा. नाहीतर रात्री प्रवाह उलटतो आणि सकाळी पाणी गार. (मी हे गार अंघोळ करूनच शिकलो!) पाणी क्षाराचं असेल तर हीट एक्सचेंजरवाली टाकी घ्या; तिच्यात कलेक्टरमधलं पाणी वेगळं फिरतं आणि वापरायच्या पाण्याला फक्त उष्णता देतं, त्यामुळे कलेक्टरच्या नळ्या चोंदत नाहीत.