अहो, त्या समितीची परीक्षा नसते

प्रश्न : मुलगी बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीला ६१ टक्के. देशाचं बजेट पास करणारी संसदेची जी समिती असते, तिथे तिनं अधिकारी व्हावं अशी माझी इच्छा आहे. पुण्यात क्लासची फी भरली आहे, तिला अजून सांगितलेलं नाही. तिचं अभ्यासात लक्ष नाही, नको तिथे नाक खुपसते. गणपतीनंतर मंडळाच्या बैठकीत तिनं सगळ्यांसमोर विचारलं, ‘जनरेटर विसर्जनाच्या रात्रीच आणला होता, मग भाडं सात दिवसांचं कसं?’ खजिनदार घरी येऊन बोलून गेले. कोणती परीक्षा द्यावी? – एक पालक, कोल्हापूर

उत्तर : फी भरली आणि जिच्यासाठी भरली तिलाच पत्ता नाही? ६१ टक्क्यांचं मला काही वाटलं नाही, ह्याचं वाटलं. घरात म्हैस आणायची तरी आपण चार जणांना विचारतो. वीस वर्षांच्या मुलीची पुढची तीन-चार वर्षं ठरवलीत, आणि अख्ख्या पत्रात तिचं म्हणून एक वाक्य आहे, तेही तक्रार म्हणून आलेलं.

आधी गैरसमज काढतो. बजेट कुठलीच समिती पास करत नाही, ते लोकसभा करते. तुमच्या मनात बहुधा लोकलेखा समिती असावी. तिच्यात २२ जण असतात, १५ लोकसभेचे आणि ७ राज्यसभेचे, सगळे निवडून दिलेले खासदार. मंत्र्याला तिथे जागा नाही. १९६७ पासून अध्यक्षपद विरोधी पक्षाकडे देण्याचा प्रघात आहे. ती बघते ते झालेल्या खर्चाकडे: संसदेनं ज्या कामाला पैसे मंजूर केले त्याच कामाला गेले का, आणि शहाणपणानं गेले का. कॅगचा, म्हणजे सरकारी खर्च तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांचा, अहवाल संसदेत आला की त्यातले मुद्दे निवडायचे, त्या मंत्रालयाच्या सचिवाला समोर बसवायचं आणि विचारायचं. पुढच्या वर्षाच्या खर्चाच्या मागण्या तपासायला खात्यांच्या वेगळ्या स्थायी समित्या आहेत, त्याही खासदारांच्याच. यातली एकही समिती स्वतःच्या सहीनं एक रुपया कापू शकत नाही. शिफारस करते, सरकारनं काय केलं ते कळवायला लावते. ह्या खुर्चीला परीक्षा नाही, निवडणूक आहे. ती लढवायची तयारी असेल तर तो वेगळा क्लास, आणि कोल्हापुरात त्याचे मास्तर गल्लोगल्ली आहेत.

आता त्या जनरेटरकडे येऊ. पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ तीच, आणि तुम्ही ती लाज वाटल्यासारखी लिहिलीय. तिनं काय केलं बघा. खर्च होऊन गेल्यावर पावती बघितली, पावतीवरचे दिवस आणि डोळ्यांनी बघितलेले दिवस ताडून पाहिले, आणि अध्यक्षांना सोडून ज्याच्या हातून पैसे गेले त्याला विचारलं. लोकलेखा समितीसुद्धा मंत्र्याला सोडून सचिवालाच बोलावते. वर्गणीचा हिशेब भर बैठकीत मागायला आपल्याकडे काय छाती लागते, हे मी तुम्हाला सांगायला नको. तुम्ही त्याला नाक खुपसणं म्हणता, ऑडिटवाले त्याला लेखाक्षेप म्हणतात आणि त्याचा पगार घेतात.

ह्या कामाचे रस्ते ठरलेले आहेत: यूपीएससीतून भारतीय लेखापरीक्षा व लेखा सेवा, एसएससीच्या (दहावीची नव्हे, केंद्राच्या कर्मचारी निवड आयोगाच्या) सीजीएल परीक्षेतून कॅगच्या खात्यात लेखापरीक्षक, एमपीएससीतून महाराष्ट्र वित्त व लेखा सेवा. सगळ्यांना पदवी लागते, म्हणजे आधी बी.कॉम. नीट पुरं होऊ दे. यातलं तिला काहीच नको असेल, तर तेही उत्तरच आहे. सुट्टीत लोकलेखा समितीचा एखादा अहवाल तिला वाचायला द्या. संसदेच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. दहा पानांत कंटाळली तर क्लासचा विषय संपला. रात्री उशिरापर्यंत वाचत बसली, तर मग तुम्ही आणि ती दोघं मिळून मला लिहा.

फी परत मिळते का ते उद्याच विचारा. आणि एक राहिलं. खजिनदार घरी येऊन बोलून गेले, एवढंच तुम्ही लिहिलंय. सात दिवसांचं भाडं खरं होतं की खोटं, ते लिहिलेलं नाही. तिला विचारा, तिला माहीत असणार.