कोकणातल्या घराची पन्हळ: नागपूरहून सामान नेण्याआधी

इथे टिनाच्या छपराला लावतात तशी जीआय (जस्ताचा थर दिलेल्या लोखंडी) पत्र्याची पन्हळ गुहागरच्या घरासाठी नेऊ नका. खाऱ्या वाऱ्यामुळे पत्र्याच्या कापलेल्या कडा आणि स्क्रूची भोकं आधी गंजतात, मग पन्हळ तिथूनच सुटते. उन्हाला टिकणारी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिकची) पन्हळ घ्या. स्क्रू मात्र ३१६ स्टेनलेसचेच (खाऱ्या हवेत सहज न गंजणारं स्टील). इथे काटकसर अजिबात नको.

मापाचा हिशेब सोपा आहे. १०० चौरस मीटर छपरावर तासाला १०० मिमीच्या जोराने पाऊस आला, तर सेकंदाला जवळपास पावणेतीन लिटर पाणी उतरतं. त्यासाठी ६ इंची पन्हळ आणि पाणी खाली उतरवणारे ११० मिमीचे दोन पाइप, दोन्ही टोकांना. एक पानांनी तुंबला तर दुसरा निभावून नेतो.

ब्रॅकेट ६० सेंमीवर. समुद्राचा वारा थेट लागत असेल तर ४५ वर. उतार मीटरला ५ मिमी, दोरी ताणूनच धरा. कौलाची कड पन्हळीच्या आत ४–५ सेंमी यायला हवी. कमी पडली तर पाणी मागून वाशात मुरतं.

सांधे रबरी सीलचे घ्या आणि ४ मीटरच्या प्रत्येक तुकड्यामागे ८ मिमी फट सोडा. सगळं चिकटवून टाकलं, की मे महिन्यात पन्हळ फुगते आणि सांधाच उघडतो.