साइट उघडत नाही? आधी एरर वाच

पान उघडलं नाही की लगेच राउटर बंद-चालू करत बसू नकोस. स्क्रीनवर काय लिहिलंय ते आधी वाच. ४०४ दिसलं तर सर्व्हर (साइट जिथे ठेवलेली असते तो संगणक) जिवंत आहे, फक्त ते पान तिथे नाही. ५०० किंवा ५०३ म्हणजे गडबड साइटवाल्यांकडे, थोड्या वेळाने बघ. 'सर्व्हर सापडला नाही' असं आलं तर मात्र संशय डीएनएसवर, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता (इंटरनेटवरचा क्रमांक) शोधून देणाऱ्या यंत्रणेवर: तो पत्ता मिळालेला नसतो. आधी स्पेलिंग तपास (माझी निम्मी प्रकरणं इथेच मिटली), मग वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तीच साइट उघडून बघ. तिथे उघडली तर घोळ बहुधा तुझ्या वायफायच्या बाजूला, वायफायच्या सेटिंगमध्ये डीएनएस ८.८.८.८ (गूगलचा सार्वजनिक डीएनएस) करून बघ. सर्टिफिकेटची (साइटची ओळख पटवणाऱ्या डिजिटल दाखल्याची) तक्रार आली तर फोनची तारीख-वेळ तपास, इशारा डावलून पुढे जाऊ नकोस.