ऑनलाइन परीक्षेत मुलं सर्रास कॉपी करतात. कॅमेरा लावून उपयोग होतो का?

तुम्ही तासिका तत्त्वावर ऑनलाइन शिकवता, साठेक उत्तरपत्रिकांत एकसारखीच वाक्यं सापडली आणि आता कॅमेऱ्याची सक्ती करावी का, असं विचारलंय. माझं उत्तर: नको. आधी प्रश्न बदला.

मी बी.कॉम.ला संख्याशास्त्र शिकवते. 28 ऑगस्ट 2020 ला सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाच्या परीक्षेशिवाय पदवी देता येणार नाही असं सांगितलं, आणि त्यानंतर घाईघाईत आमच्याकडे तासाभराची एमसीक्यू (पर्यायांतून उत्तर निवडायची) परीक्षा झाली. कॅमेरा चालू होता. एका मुलीचं घर एका खोलीचं. आई मागून गेली की सॉफ्टवेअर इशारा द्यायचं, आणि चौथ्या इशाऱ्याला पेपर बंद झाला. ती फोनवर रडत होती. त्याच वेळी उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होती, ती दुसऱ्या मोबाइलवर, कॅमेऱ्याच्या बाहेर. प्रामाणिक मुलीला शिक्षा झाली आणि कॉपी करणारे सुटले, हे मला अजून सलतं.

आता मी सरासरी आणि प्रमाण विचलन (आकडे सरासरीपासून किती पसरलेत त्याचं माप) पुस्तकातल्या आकड्यांवर विचारत नाही. घरच्या वीजबिलावरचे सहा महिन्यांचे युनिट घ्या, गणित करा आणि कुठला महिना का वेगळा पडला ते चार ओळींत लिहा, एवढंच सांगते. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्यांना किराण्याची बिलं चालतात. आकडेमोड चॅटजीपीटीकडून करून घेतली तरी माझी हरकत नाही. "मे महिन्यात युनिट कमी, कारण आम्ही गावी होतो" हे मात्र ज्याचं त्यालाच माहीत असतं.

मग प्रत्येकाची पाच मिनिटं व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. एकाला विचारलं, तुझे ऑक्टोबरचे 212 युनिट 272 झाले तर सरासरी किती वाढेल? क्षणभर थांबून म्हणाला, "साठ सहांत वाटायचे, म्हणजे दहा, मॅडम." याला विषय कळलाय, हे सांगायला मला कॅमेरा लागला नाही.

वेळ जातो, हे खरंच. सत्तर मुलं म्हणजे जवळपास सहा तास. मी तीन दिवसांत विभागते. वर्ग दोनशेचा असेल तर चिठ्ठ्या टाकून पंचवीस जण बोलवा, पण कुणालाही बोलावणं येऊ शकतं हे सत्राच्या पहिल्याच तासाला सांगून ठेवा. गुणही तसेच वाटा. एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाइन शिक्षण उपक्रमाच्या बहुतेक अभ्यासक्रमांत घरून केलेल्या असाइनमेंटला 25 टक्के आणि केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला 75 टक्के वजन असतं; शिवाय प्रमाणपत्रासाठी त्या परीक्षेत 75 पैकी किमान 30 लागतात. तुमच्या हातात केंद्र नाही, पण अंतर्गत गुणांतला मोठा वाटा तोंडीला देणं बहुधा असेल. विभागप्रमुखांकडून आधी लेखी मान्यता घ्या, नाहीतर निकालानंतर तक्रारी येतात.

आणि पकडलेल्या मुलाला सगळ्यांसमोर बोलू नका. माझ्याकडे एकाने शेजाऱ्याचं बिल उतरवलं होतं. ऑक्टोबर का वाढला, यावर गप्प बसला. मी त्याला एकट्याला बोलावून आठवडा दिला. दुसऱ्या खेपेला तो दुधाच्या रतीबाचं कॅलेंडर घेऊन आला. गणपतीच्या दिवसांतले जादा लिटर त्याने लाल पेनाने गोल केले होते.