मे महिन्यातला सोलापूर रस्ता: जॅकेट काढू नका, आतला शर्ट भिजवा

मेच्या मध्यावर पुण्याहून सोलापूरला बाइकने लग्नाला जायचंय, मागे धाकटी बहीण असेल, जॅकेटमध्ये जीव घुसमटतो म्हणून टी-शर्टवर गेलो तर चालेल का, आणि सकाळची कामं उरकून बाराला निघायचा विचार आहे, असं तुम्ही विचारलंय. माझं माहेर सोलापूर. हडपसरहून तो रस्ता गेली १९ वर्षं मी मे महिन्यात बाइकनेच करते आहे. त्यामुळे आधी सरळ उत्तर देते: टी-शर्टवर जाऊ नका, आणि बाराला तर मुळीच निघू नका.

टी-शर्टवर गार वाटेल असं आपल्याला वाटतं, कारण आपला अनुभव पुण्याच्या सकाळ-संध्याकाळचा. हवा ३० अंशांची असते, आपली त्वचा साधारण ३५ची, म्हणून वारा अंगातली उष्णता घेऊन जातो. इंदापूरच्या पुढे दुपारी हवा ४२ला पोचली की हेच गणित उलटं होतं. आता वारा त्वचेपेक्षा गरम आहे, म्हणजे तो उष्णता नेत नाही, आणून देतो. जितकं जोरात जाल तितकी जास्त. केस वाळवायच्या ड्रायरसमोर चार तास बसल्यासारखं होतं ते. त्या वेळी शरीराकडे एकच उपाय उरतो, घाम वाळवणं. एक लिटर घाम अंगावर पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पण उघड्या अंगावर ८०च्या वेगाचा कोरडा वारा तो घाम इतका भराभर ओढून घेतो की शरीराला पुरवठा जमत नाही. फसवणूक अशी की कातडी कोरडी लागते, म्हणून घाम येतच नाहीये असं वाटतं. थांबल्यावर हेल्मेटचा पट्टा बघा. त्यावर मिठाची पांढरी रेघ उमटलेली दिसेल.

हे मी पुस्तकात वाचून शिकले नाही. सुरुवातीच्या वर्षांत एकदा असाच उशीर झाला, अंगात पातळ सुती कुर्ता, जॅकेट गुंडाळून मागे बांधलेलं. टेंभुर्णीच्या आसपास एका पेट्रोल पंपावर थांबले. किल्ली टाकीच्या झाकणात घालायला गेले तर जाईना. दोनदा, तीनदा. ती उलटी धरली आहे हे मला कळतच नव्हतं. पंपावरच्या मुलाने विचारलं, "ताई, कितीचं टाकू?" आणि मला आकडा सुचेना. प्रश्न ऐकू आला होता, समजलाही होता, पण उत्तर जिभेवर येत नव्हतं. त्या पोराने गाडी स्वतः बाजूला घेतली, मला सावलीत बसवलं आणि माठातलं पाणी मानेवर ओतत राहिला. तासाभराने मी माणसात आले. आणखी दहा किलोमीटर तशीच गेले असते तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. डोकं चालेनासं झालंय हे त्याच डोक्याला कळत नाही, हे त्या दिवशी समजलं.

तेव्हापासून माझी पद्धत ठरलेली आहे. आत पूर्ण बाह्यांचा जाडसर सुती शर्ट, वर आर्मर (पडल्यावर मार बसू नये म्हणून खांदे-कोपरांना लावलेल्या जाड गाद्या) असलेलं रायडिंग जॅकेट. ऊन चढलं की थांबायचं, शर्ट काढून नळाखाली धरायचा, नुसता ओलसर नाही, टपटप गळेल इतका भिजवायचा, हलका पिळून तसाच घालायचा आणि वर जॅकेटची चेन लावायची. पहिली दोन मिनिटं अंगावर शहारा येतो. मग बाह्यांतून आणि गळ्यातून थोडा थोडा वारा आत शिरतो आणि शर्ट सावकाश वाळत राहतो. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं तेच इथे चालतं, फरक एवढाच की वाळणारं पाणी नळाचं असतं आणि अंगातलं आत राहतं. पूर्ण जाळीच्या जॅकेटखाली भिगवणला भिजवलेला माझा शर्ट इंदापूर यायच्या आतच खडखडीत वाळतो. तेच व्हेंट, म्हणजे हवा आत येण्याच्या फटी, निम्मे बंद केलेल्या कापडी जॅकेटखाली तासभर सहज टिकतो. म्हणून जाळीचं जॅकेट पुण्यातल्या ३५-३६ अंशांना उत्तम, ४० पार गेल्यावर मात्र मी थोडं बंदिस्त जॅकेट पसंत करते. ऐकायला उलटं वाटतं, करून बघा.

एक अट आहे. हवा कोरडी हवी. कोकणात, किंवा वळवाचे ढग भरून आलेल्या दमट दुपारी ही युक्ती फारशी चालत नाही, तिथे वारा खेळू देणारं जाळीचं जॅकेटच बरं.

मानेभोवती ओला पंचा, त्याची टोकं जॅकेटच्या आत. हेल्मेटखाली पातळ सुती टोपी, तीही ओली. हातमोजे आणि बाही यांच्यामध्ये फट राहिली तर मनगटावर बांगडीसारखा भाजलेला पट्टा उठतो, तेवढं बघा. आणि पडण्याचा विचार विसरू नका. भर दुपारी डांबर ६० अंशांच्या आसपास तापलेलं असतं. त्यावर उघडा हात घासला तर सोलवटतो आणि भाजतोही.

आता वेळेचं. कपड्यांपेक्षा घड्याळ जास्त वाचवतं. अंतर साधारण २५० किलोमीटर. पहाटे पाचला हडपसर सोडा. लोणी काळभोर, उरुळी कांचन, यवत गारव्यातच मागे पडतात. सातच्या सुमारास भिगवणला उजनीच्या पाण्याजवळ पोचाल, तिथे पोटभर नाश्ता करा. टेंभुर्णीपर्यंत ऊन सहन होण्याजोगं असतं, मोहोळपासून चटका लागायला लागतो, आणि दहा-साडेदहाला तुम्ही सोलापुरात असता. शर्ट भिजवायची वेळ कदाचित एकदाच येईल. सकाळची कामं आदल्या दिवशी उरका, पण बारा ते चार या वेळात त्या रस्त्यावर असू नका. काही कारणाने अडकलातच तर चारपर्यंत एखाद्या धाब्यावर किंवा देवळाच्या मंडपात आडवे व्हा. उशीर झाला म्हणून कुणी लग्न थांबवत नाही, हे मान्य. पण घरच्यांना आपण धडधाकट हवे असतो.

पाण्याबद्दल लोक "भरपूर प्या" एवढंच सांगतात, ते अर्धवट आहे. घामातून मीठही जातं. नुसतं पाणी लिटर-लिटर ढोसलं तर रक्तातलं मीठ आणखी पातळ होतं, मळमळतं, डोकं दुखतं. मी दर पाऊण तासाला थांबते आणि पेलाभर पिते, तहान लागो न लागो. एकदा साधं पाणी, एकदा मीठ घातलेलं ताक किंवा ओआरएस. ओआरएसचं पाकीट घेताना बघून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात लिटरला १३.५ ग्रॅम ग्लुकोज आणि २.६ ग्रॅम मीठ असतं. दुकानात खोक्यात मिळणारी गोड फळांची पेयं म्हणजे ओआरएस नव्हे. एक लिटरचं पाकीट एक लिटरमध्येच घाला, दाट करू नका. रसवंतीवर उसाचा रस जरूर प्या, पण बर्फाशिवाय. त्या बर्फाचं पाणी कुठलं ते आपल्याला ठाऊक नसतं. रक्तदाबाची किंवा मूत्रपिंडाची तक्रार असेल तर मिठाचं डॉक्टरांना विचारूनच. लघवी गडद पिवळी झाली असेल तर पाणी पिण्यात तुम्ही मागे पडला आहात असं समजा.

बहिणीबद्दल मला जास्त काळजी वाटते. चालवणाऱ्याचं लक्ष रस्त्यावर असतं, मागे बसलेलं माणूस ऊन मुकाट सोसत राहतं. पुण्यातल्या मुलींना सनकोट आणि स्कार्फची सवय असते, शहरात उन्हाला ते चांगलंच आहे, पण सनकोट पडल्यावर काही वाचवत नाही आणि त्याचा सुटा घेर किंवा ओढणी चाकात गेली तर फार वाईट अपघात होतो. तिलाही जॅकेट, पूर्ण पँट, बूट आणि आयएसआय शिक्क्याचं फुल-फेस हेल्मेट. लग्नाचे कपडे बॅगेत. शर्ट भिजवाल तेव्हा तिचाही भिजवा. आणि दोघांत एक ठरवून टाका: दर दहा मिनिटांनी तिने काहीतरी विचारायचं, तुम्ही नीट उत्तर द्यायचं, मग उलट. उत्तर अडखळलं, कुणी गप्प झालं, की वाद न घालता पहिल्या सावलीला थांबायचं.

चक्कर, पायात गोळे, मळमळ इथवर असेल तर सावली, ओले कपडे, मीठ-साखर-पाणी आणि पुढचा प्रवास रद्द. बोलणं असंबद्ध झालं, वागणं विचित्र झालं तर तो उष्माघात धरा, घाम येत असला तरीही. शरीराचं तापमान ४०च्या वर गेलेलं असतं. १०८ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत हातावर हात धरून बसू नका: हेल्मेट-जॅकेट काढा, अंगावर पाणी ओतत राहा, कशानेही वारा घाला, बर्फ मिळाला तर मान, काखा आणि जांघेत ठेवा. शुद्ध हरपली असेल तर तोंडात पाणी घालू नका. तापाची गोळी इथे उपयोगाची नाही.

गाडीचं थोडक्यात. टायरची हवा निघण्याआधी, टायर थंड असताना बघा. वाटेत गरम टायरमध्ये आकडा थोडा वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू नका. टाकी गळ्यापर्यंत भरून उन्हात उभी करू नका, पेट्रोल फुगतं. काळ्या सीटवर थांबताना ओला पंचा टाकून ठेवा.

आणखी एक. सोलापूरकडे जाताना उगवता सूर्य समोर डावीकडून डोळ्यांवर येतो, तेव्हा व्हायझर, म्हणजे हेल्मेटची समोरची काच, पुसलेला आणि पारदर्शक ठेवा. पाचच्या अंधारात काळा व्हायझर घालून निघू नका. येतानाही पहाटेच निघा म्हणजे ऊन पाठीशी राहील. संध्याकाळी निघालात तर मावळेपर्यंत सूर्य समोर असतो आणि समोरून ट्रॅक्टर आले तर दिसत नाहीत.